पातळ पेज

मिंदेलोच्या धक्क्यावरून पहाटे चारला निघतो.
न्यो तितोन सुकाणूपाशी, मी मागे बाटल्यांजवळ,
दोघांत एक थर्मास, त्याच्या बायकोची गोडमिट्ट कॉफी.
उन्हं चढली की तो इंजिन बंद करतो
आणि दर महिन्याला म्हणतो तेच म्हणतो:
"इव्हानिल्दा, इथे काही नाही."

खरंच नाही. निळं, आणि त्याखाली निळं.
पक्षीसुद्धा वळसा घालून जातो.
तारेवरून बाटल्या सोडते,
दोनशे मीटरवर त्या तोंड मिटतात.

या नाहीपणाच्या एका चमच्यात वीसेक लाख.
रात्री रंग घालून भिंगाखाली धरलं
तर काळोखभर हिरवी खसखस.
आणि थाळीवर?
साखर घातली, यीस्ट घातलं, मांसाचा अर्क घातला.
उगवले तीन.
तेही नेहमीचे, कुठेही पंगतीला बसणारे.

बाकीच्यांना मी ओळखते ती अक्षरांवरून.
गाळणीचा कागद गोठून जर्मनीला जातो,
चार महिन्यांनी फाइल येते:
ए टी जी सी, ए ए टी, चिंध्याच चिंध्या.
मी काठाला काठ लावत बसते.
शितावरून भाताची परीक्षा म्हणावी
तर इथलं प्रत्येक शीत निराळ्या भाताचं.
जिला एक जात समजत होतो
तिच्यात हजार घराणी निघाली;
एकाला फॉस्फरस वेचायची युक्ती ठाऊक,
एकाला उन्हावर दिवस काढायची,
आणि एकाकडे असं जनुक
की संगणक लिहितो: कुणाशी जुळत नाही.
खाली पुन्हा: कुणाशी जुळत नाही.
पानंच्या पानं.

न्यो तितोनला हे एकदा सांगितलं.
"म्हणजे पत्रं येतात, माणूस येत नाही."
त्याचे दोन भाऊ रॉटरडॅमला,
त्याला यात नवीन काही नव्हतं.
"खायला काय देतेस त्यांना?"
मी यादी सांगितली.
तो दोर गुंडाळत राहिला.

मग म्हणाला,
सत्तेचाळीसच्या दुष्काळात आई नऊ वर्षांची,
सांतु अंतांवच्या डोंगरात.
मक्याचं जहाज आलं तेव्हा
ज्यांनी पोटभर खाल्लं ते त्याच रात्री गेले.
शेजारणीनं माझ्या आईचे हात बांधले
बकरीच्या दाव्यानं,
आणि पेज भरवली. पेज कसली, पाणीच,
त्यात मक्याची नुसती आठवण.
चमच्यानं. आठवडाभर.
आई शिव्या देत होती म्हणे तिला.

हे पुस्तकात होतं.
मी वाचलं होतं, वेगळ्या शब्दांत, आलेखासकट.
परतताना वारा समोरून होता,
मी बोलले नाही.

त्या महिन्यात साखर नाही, यीस्ट नाही.
त्यांच्याच समुद्राचं पाणी, गाळून, उकळून, गार करून
शहाण्णव खळग्यांत;
प्रत्येकात जीव दोन किंवा तीन.
वर झाकण, भोवती अंधार.
वीज दोनदा गेली,
बर्फवाल्याकडून लादी आणली उधारीवर.

सहा आठवड्यांनी पाहिलं, खळगे कोरेच.
गढूळपणा नाही, साय नाही, वास नाही.
सवयीनं मोरीत ओतणार होते.
एक थेंब घेतला, बी-सातमधला,
रंग घातला, दिवा लावला.

तीन सोडले होते.
मोजता मोजता दोनदा चुकले,
मग मोजायचं सोडून नुसती बघत राहिले:
घोळका नाही, घाई नाही,
एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून
हिरवे, बारीक, कुणाशीही न जुळणारे.

बाटली समोरच होती.
चिमूटभर, मला वाटलं, फक्त चिमूटभर,
आता तरी.
बोटं शिवशिवत होती.
मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले
आणि त्यांच्यावर बसून राहिले,
खाली बंदरात बोटी उजळेपर्यंत.